फोंड्याचा निवृत्तांचा कट्टा : छंद, भटकंती आणि गावच्या गमती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रोज सकाळी साडेसहाला आम्ही गोव्यातल्या फोंड्यात चालायला निघतो आणि साडेआठला पातळभाजी-पाव खाऊन आपापल्या घरी जातो. पुढचं सगळं त्या दोन तासांत ठरतं. कट्ट्याची वही माझ्याकडे असते, म्हणून फोनही मलाच येतात, तेही बरेचसे दुपारी डोळा लागल्यावर. प्रश्न तेच ते असतात, तेव्हा उत्तरं एकदाची लिहून काढली. मी बँकेच्या काउंटरवर उभा आयुष्य काढलेला माणूस, लांबण लावायची सवय नाही. फक्त गणपतीवर टांगायच्या माटोळीचा विषय निघाला की माझं भान सुटतं, तेवढं सांभाळून घ्या.

कट्ट्यात यायला फॉर्म, फी, वयाची अट वगैरे काही आहे का?

काही नाही. कट्ट्याला नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. एकदा हौसेने अध्यक्ष नेमला होता, तर त्याच आठवड्यात दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. तेव्हापासून फक्त वही. सहलीचा खर्च जेवढा होईल तेवढा डोकी मोजून वाटतो आणि उरलेल्या सुट्ट्या पैशांची केळी घेतो. एकटे असाल तरी या, जोडीने असाल तरी या.

वडील निवृत्त झाले आहेत, दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात. त्यांना तुमच्यात घ्याल का?

हा प्रश्न मुली विचारतात, नाहीतर दुबईहून, बंगळूरहून मुलगे. घेऊ की. पण फोन वडिलांनी स्वतः करावा. मुलाने आणून सोडलेला माणूस आमच्यात पाहुण्यासारखा बसतो.

एक अपवाद सांगतो. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका इंजिनियरसाहेबांना त्यांच्या सुनेने जवळजवळ हाताला धरून आणलं. तीन आठवडे ते तोंडातून शब्द काढेनात. चौथ्या आठवड्यात आम्ही तांबडी सुर्लाला गेलो. तिथलं महादेवाचं देऊळ कदंबांच्या काळातलं, सुमारे बाराव्या-तेराव्या शतकातलं, अनमोड घाटाच्या पायथ्याशी रानात उभं आहे. आमच्यातला एक जण हात उडवून म्हणाला, "गोव्यात चिऱ्याला काय तोटा, बांधलं असेल." झालं, साहेब पेटले. "चिरा? हा चिरा दिसतो तुम्हाला? हा काळा बेसाल्ट आहे. जांभ्यावर अशी नक्षी काढून दाखवा." पुढचा पाऊण तास ते एकेका खांबावर हात ठेवून बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो. आता त्यांना गप्प कसं करायचं हा आमचा प्रश्न आहे. तेव्हा वडिलांचा विषय कोणता ते एकदा शोधा. तो टीव्हीवर सापडणार नाही.

पहिल्यांदा कुठल्या सहलीला यावं?

दिवाडीच्या. नव्या माणसाला आम्ही आधी तिकडेच नेतो, कारण खर्च नगण्य, चढ बेताचा आणि होडीचं सुख फुकटात. फोंड्याहून बसने जुने गोवे गाठायचं. व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलं की धक्का. फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. कितीतरी फोंडेकरांनी साठ वर्षांत ही मांडवी ओलांडलेली नसते. नोकरी पणजीला, घर फोंड्याला, बस रोज धक्क्याजवळून गेली, पण उतरावं असं काही वाटलं नाही. मीही त्यातलाच.

पलीकडे उतरलं की शेतं, खारफुटी आणि बगळे. वर पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे, तिथून मांडवीचं पात्र आणि जुन्या गोव्याचे मनोरे एका नजरेत येतात. तिथे डबे सोडायचे. मग बेट आडवं पार करून दुसऱ्या टोकाच्या फेरीबोटीने नार्व्याला जायचं. बेटावर वाहन मिळेलच असं धरून चालू नका, पायात चांगल्या चपला असू द्या.

नार्व्याला जायचं कारण श्रीसप्तकोटेश्वर. हा कदंबांचा देव. त्याचं मूळ देऊळ दिवाडीवरच होतं. पोर्तुगिजांच्या काळात ते मोडलं आणि लिंग पुढे नदीपार नार्व्याला आलं. शिवाजी महाराजांनी १६६८ साली तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. अलीकडेच पुरातत्त्व खात्याने ते देऊळ पुन्हा दुरुस्त केलं आणि २०२३ मध्ये ते खुलं झालं. आपण सकाळी ज्या बेटावरून निघालो तिथून हा देवही असाच नदी ओलांडून आला, हे त्या धक्क्यावर उभं राहिल्याशिवाय नीट कळत नाही. शाळेच्या पुस्तकात ते दोन ओळींत उरकलं होतं.

एक सूचना. नार्व्याच्या बाजूला परतीच्या बसची वेळ आधी विचारून ठेवा. आमचे दोघे चहा पीत राहिले आणि बस गेली. दोष बसचा नव्हता.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेराम असतो, झेंड्यांची मिरवणूक. बघण्यासारखा आहे, पण गर्दी फार. आम्ही तो दिवस टाळतो.

फोंडा तालुक्यातच एवढी देवळं कशी?

पुण्या-मुंबईचे पाहुणे हा प्रश्न हमखास विचारतात आणि घरचा यजमान "पूर्वीपासूनच आहेत" म्हणून वेळ मारून नेतो. तसं नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बारदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात होते आणि तिथली देवळं पाडली जात होती. फोंडा महाल त्यांच्या हद्दीबाहेर, म्हणून लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडून इकडे आणले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, १५६० च्या सुमारास. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. फोंडा पोर्तुगिजांकडे गेला तो १७६३ नंतर, नव्या काबिजादीत (मागाहून जिंकलेल्या मुलखात), तेव्हा देवळांना हात लावायचे दिवस सरले होते.

त्यातही नागेश मात्र इथलाच, तो कुठून पळून आलेला नाही. बांदोड्याच्या त्या देवळात १४१३ सालचा शिलालेख आहे आणि आत लाकडावर कोरलेली रामायणातली दृश्यं आहेत. लोक तळ्यातले मासे बघून परत जातात, वर मान करत नाहीत. म्हार्दोळला गेलात तर पितळेची उंच समई बघा, एकवीस थरांची.

आमचा नियम असा, की एका दिवशी एकच देऊळ. पाच देवळांची यात्रा केली की संध्याकाळी फक्त चपला कुठे काढल्या तेवढंच आठवतं.

देवळं पुष्कळ झाली. दुसरं काही जवळपास?

फोंडा शहरातच साफा मशीद आहे, १५६० साली अली आदिलशहाने बांधलेली, शेजारी मोठी पायऱ्यांची तळी. संध्याकाळी चारनंतर जावं, तेव्हा तिथे चांगली सावली येते. खांडेपारला नदीजवळ चिऱ्यात कोरलेल्या गुहा आहेत. लहान आहेत, अर्ध्या तासाचं काम. पावसाळ्यात वाट निसरडी असते.

केरी तर आमच्याच तालुक्यात. केसरबाई केरकरांचं गाव. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानं सोडली, त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे, "जात कहाँ हो". ती यानं आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली आहेत. केरीच्या बसथांब्यावर उभं राहून हे सांगितलं की नव्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

जरा लांब जायची तयारी असेल तर सांगे, केप्याकडे वळा. नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाजवळ बुडबुड्यांचं तळं आहे, पाण्यातून सतत बुडबुडे वर येत असतात. टाळ्या वाजवल्या की जास्त येतात म्हणतात. आमचे ६८ वर्षांचे एक निवृत्त हेडमास्तर तिथे लहान पोरासारखे टाळ्या वाजवत बसले होते, त्याचा फोटो आहे. रिवणजवळ उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्याच्या सपाट खडकावर कोरलेली चित्रं आहेत. बैल, हरणं, मोर आणि सात वळशांचं एक चक्रव्यूहासारखं वर्तुळ. १९९३ साली ती जगासमोर आली, गावची गुराखी पोरं मात्र त्यांच्यावर आधीपासून खेळत होती. जून ते सप्टेंबर जाऊ नका, खडक पाण्याखाली किंवा शेवाळलेला असतो. दुपारीही नको, चित्रं सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात.

कुर्डीला कधी नेता?

मे महिन्यात. त्याआधी बरंचसं गाव पाण्यात असतं.

साळावली धरण झालं तेव्हा १९८० च्या दशकात सांगे तालुक्यातलं कुर्डी बुडालं. लोकांना वाडें, वालकिणीला वसवलं. दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की एप्रिल-मेच्या सुमारास गाव वर येतं. घरांची जोती, वाटा, वठलेली झाडं, सोमेश्वराचं देऊळ. मग मूळचे कुर्डीकर येतात, देवाला पूजा होते, ख्रिस्ती मंडळी आपल्या चॅपेलच्या जागी जमतात, जेवणं होतात. जूनमध्ये पाऊस लागला की पुन्हा सगळं पाण्याखाली.

मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, १९०४ चा जन्म. त्यांच्या घराची जागा दाखवणारा कोणी ना कोणी भेटतो. मागच्या खेपेला एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. त्या एका जोत्यावर बसून नातीला सांगत होत्या, "हांगा चूल, हांगा देवखोली, हांगा तुझो बाबा जल्मलो." नात मोबाइलवर चित्रण करत होती. आम्ही लांबच उभे राहिलो. तिथे जाताना एवढं ध्यानात ठेवा, की आपण कोणाच्या तरी घरात शिरतोय. दगड, कौलं उचलून आणू नका. आमच्यातल्या एकाने आणलं होतं, आम्ही ते पुढच्या वर्षी परत ठेवायला लावलं.

सावली अजिबात नाही. टोपी, पाणी आणि सकाळी लवकर. येता येता धरणाचा बदकाच्या चोचीसारखा गोल सांडवा बघायचा.

माटोळीचा छंद म्हणजे नक्की काय? चवथ तर वर्षातून एकदाच येते.

आता बसा.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं, फुलं, कंद, पानं बांधतात, ती माटोळी. घाटावर मखर, आमच्याकडे माटोळी. नारळाची पेंड, सुपारीची शिंपटं, केळीचा घड, निरफणस, तोरिंजन, चिबूड, आंबाडे हे तर बाजारात मिळतं. चवथीच्या आधी फोंड्याला, म्हापशाला, माशेलला, डिचोलीला माटोळीचा बाजार भरतो, पैसे टाकले की माटोळी तयार. खरी मजा पुढची आहे. कांगल्यांचे पिवळे घोस, लालभडक कवंडळ, नागलकुडो, फागलां. ही रानात शोधावी लागतात. आणि शोधायची तर झाड कुठे आहे, कधी फळतं, गावात त्याला काय म्हणतात, हे बारा महिने डोक्यात असावं लागतं. म्हणून हा बारमाही छंद.

माझी स्वतःची सुरुवात लाजेने झाली. निवृत्तीनंतरच्या पहिल्या चवथीला नातवाने वर बोट दाखवून विचारलं, "आजोबा, हे काय?" मी म्हटलं, "फळ." "कसलं?" मला येईना. माझ्या आईला त्या चौकटीतल्या प्रत्येक जिनसाचं नाव, त्याचा औषधी उपयोग आणि ते कोणाच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) मिळतं हे तोंडपाठ होतं. मध्ये एका पिढीची नोकरी आली आणि सगळं गळालं.

म्हणून आम्ही वही घातली. एका पानावर एक वनस्पती. झाड कुठे पाहिलं, फूल कधी, फळ कधी, सत्तरीत नाव काय, पेडण्यात काय, काणकोणात काय. एकाच फळाची तीन-तीन नावं निघतात आणि एकाच नावाची दोन फळं, त्यावरून कट्ट्यावर भांडणं होतात ती वेगळी. सध्या वहीत दीडशेच्या आसपास पानं भरली आहेत. राज्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धा असते, तिच्यातली मंडळी शेकड्यांनी जिन्नस बांधतात. त्यांच्यापुढे आम्ही बालवाडीत.

दोन पथ्यं पाळतो. कंद लागला तरी मुळासकट उपटायचा नाही, आणि दुर्मीळ वाटलं तर एकच फळ घ्यायचं, नाहीतर नुसता फोटो. गणपतीला फोटो चालत नाही असं आमच्या भटजींचं म्हणणं आहे, पण त्यांनीही वहीतली चार नावं सुधारून दिली. आणि एक सांगून ठेवतो, माटोळीत बांधलेलं सगळंच खायचं नसतं. कवंडळ दिसायला देखणं, खायला जाऊ नका.

साठीनंतर घुमट शिकता येतं का?

येतं. आमच्यातल्या तिघांनी शिकलं, एकाने सोडलं, त्याला मनगटाने दगा दिला.

घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं आणि लहान तोंड उघडं. उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या पंजाने लहान तोंड झाकत-उघडत आवाज घुमवायचा. हा डावा पंजाच काय तो अवघड. उजवा हात महिन्याभरात बसतो, डाव्याला वर्ष लागतं. जोडीला शामेळ हे तालवाद्य आणि कांसाळें म्हणजे झांजा. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं.

पूर्वी कातडं घोरपडीचं असायचं. घोरपडीला वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, तेव्हा आता बकऱ्याचं. जुने वाजवणारे "तो नाद नाही" म्हणून हळहळतात. हळहळू द्या, जुन्या कातड्याचं घुमट कोणी विकायला आणलं तर घेऊ नका.

शिकायला जागा लागते ती शेजाऱ्यांपासून लांब. चवथीच्या आरत्यांत मात्र कोणी तक्रार करत नाही, उलट अकराव्या आरतीलाही "आणखी एक" म्हणतात. आरत्यांचे शब्द मराठी, आरती संपल्यावर भांडण कोकणीत.

नाटकात काम मिळेल का?

गोव्यात हे विचारायचं? जत्रेत गावकऱ्यांनी मराठी नाटक करायचं ही आपली जुनीच चाल. मंगेशी हे दीनानाथ मंगेशकरांचं गाव, तिथल्या मातीतच ते आहे. फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर आहे, तिथे स्पर्धेचे प्रयोग बघायला आम्ही सगळे जातो आणि बाहेर येऊन परीक्षकांपेक्षा कडक निकाल लावतो.

काम मिळण्याचं म्हणाल तर राजाचा बाप, ऋषी, वकील या भूमिका आपल्या. संवाद पाठ होत नसतील तर विंगेत प्रॉम्प्टर व्हा. मी सात वर्षं प्रॉम्प्टर आहे. नायक माझ्यावाचून एक पाऊल टाकत नाही आणि हार मात्र त्याच्याच गळ्यात पडतो.

पत्ते, हाउजी चालते का? आणि कॅसिनो?

लाडीस, मेंढीकोट रोज. पैसे लावत नाही, हरणाऱ्याने भजी आणायची. हाउजी (तंबोला) महिन्यातून एकदा, बक्षीस नारळ किंवा साबणाची वडी.

कॅसिनोचा प्रश्न मुंबईचे व्याही विचारतात. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोव्याच्या रहिवाशांना तिथे खेळायला बंदी आहे. आम्ही ती जहाजं पणजीच्या धक्क्यावरून बघतो, तेवढं बास.

पावसात कट्टा बंद असतो का?

चालणं बंद, खाणं सुरू. पाऊस पडायच्या आधी पुरुमेंत भरायचं, सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या, उकडे तांदूळ. त्यात अर्धा मे जातो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला एक खेप होतेच.

जूनपासून रानभाज्या. ताळकिळो, तेरें, कुड्डूक, किल्ल. त्यांचीही आता वही झाली आहे, पण ती बायकांकडे आहे आणि आम्हाला फक्त ताट मिळतं. अळमी वारुळावर उगवतात, रस्त्याच्या कडेला पानात घालून विकायला येतात आणि भाव ऐकून माणूस दोन पावलं मागे जातो. घ्या हवी तर. पण स्वतः रानात जाऊन अळमी वेचायचा हट्ट धरू नका. विषारी कुठली, खायची कुठली हे पुस्तक वाचून कळत नाही.

आषाढी एकादशीनंतर माशेलला चिखलकालो असतो. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात थोर-पोर चिखलात लोळतात. तिथली मूर्ती वेगळी आहे, आई देवकीबरोबर बाळकृष्ण. हा देवही चोडणहून आलेला. आम्ही कडेला छत्री घेऊन उभे राहायचं ठरवून जातो, आणि दरवर्षी एक तरी जण आत ओढला जातो. जुने कपडे घालून या.

बाकी दिवस वाचन. पणजीला पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं आहे, आताची इमारत नवी. ज्येष्ठांना लिफ्ट आहे, बसायला खुर्च्या चांगल्या आहेत आणि एसी जरा जास्तच आहे. शाल न्या.

काजूच्या दिवसांत भट्टीवर नेता का?

नेतो, मार्च-एप्रिलमध्ये, सकाळी. बोंडं तुडवून काढलेला ताजा नीरो प्यायचा. दुपारनंतर तो आंबायला लागतो. भट्टीवर पहिल्या धारेचा उराक निघतो आणि तो पुन्हा गाळला की फेणी. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, हे भट्टीवाला न विचारता सांगतो. उराक किती घ्यायचा हे तुम्ही, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि घरची माणसं यांनी ठरवावं. वहीत लिहीत नाही.

सत्तरीच्या बाजूला जाताना मात्र थट्टा नको. २०१५ पासून तिथे माकडताप आढळला आहे, कोरड्या दिवसांत काजूच्या बागांतून, रानातून गोचिडीमार्फत तो होतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोजे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं. नंतर ताप आला तर डॉक्टरांना "रानात गेलो होतो" हे आधी सांगा.

गरी घेऊन मासे धरणारे कोणी आहेत का?

चौघे आहेत. बोलत नाहीत, म्हणून कट्ट्यावर दिसत नाहीत. खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधावर बसतात. मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या झडपेच्या) तोंडाशी मासळीचा हक्क लिलावाने दिलेला असतो, तिथे विचारल्याशिवाय गरी टाकू नका, शिव्या खाल.

पक्षी बघायचे आहेत, दुर्बीण लागते का?

लागते, पण आधी कोणाची तरी मागून बघा. करमळीचं तळं सगळ्यात सोपं, रस्त्यावरूनच हिवाळ्यात बदकं आणि जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात. चोडणला सलीम अली अभयारण्य आहे, दोन चौरस किलोमीटरही नाही, सगळी खारफुटी. रायबंदरहून फेरीबोट. भरतीच्या वेळी होडीतून, ओहोटीला चिखलात उतरलेले पक्षी बघायला. पहाटे जा.

आम्ही पुण्याहून इथे राहायला आलो. कोकणी येत नाही, चालेल का?

भजन, नाटक, पेपर, आरती मराठीत. मासळी, भाजी आणि राग कोकणीत. तुम्ही मराठीत बोला, समोरचा कोकणीत उत्तर देईल, दोघांचं चालून जातं. राजभाषा कायदा, गोवा महाराष्ट्रात जावा का यावरचा १९६७ चा जनमत कौल हे विषय पहिल्या महिन्यात काढू नका. त्यावर कट्ट्यात आधीच दोन बाजू आहेत, तिसरी नको. आणि गोवेकर निवांत, आरामशीर अशा अर्थाने "सुशेगाद" हा शब्द वापरू नका. इथे पहाटे पोदेर सायकलवर पाव घेऊन येतो तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

बायका येतात का, की नुसताच पुरुषांचा अड्डा?

येतात, आणि खरं तर सहली त्यांच्याच जोरावर होतात. म्हार्दोळला म्हाळसेची जायांची पूजा असते, देऊळ जाईच्या फुलांनी मढतं, त्याचं सगळं नियोजन त्या करतात. पौषात बायकांचा गाणी-नाचाचा धालो, चवथीत फुगड्या. एका ७२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका फुगडी घालतात तेव्हा आम्ही पुरुष मंडळी खुर्च्या मागे सरकवतो.

गुडघे दुखतात. दूधसागरला न्याल का?

नाही. कुळ्याहून जीपने जो रस्ता आहे तो कंबरेचा शत्रू, आणि रुळांवरून चालत जायला मनाई आहे. धबधबा बघायचा तर हरवळ्याला चला, रुद्रेश्वराचं देऊळ, गुहा आणि धबधबा शेजारी शेजारी आहेत.

एरवी गुडघेवाल्यांसाठी वहीत प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहिल्या आहेत. पायऱ्या किती, बसायला जागा आहे का, आणि संडास कुठे. तिसरी गोष्ट सरकारी माहितीपत्रकात नसते. ती विचारायला कोणी लाजू नये म्हणून आम्ही निघतानाच मोठ्याने वाचून दाखवतो. गोळ्यांची चिठ्ठी खिशात, घरच्या माणसाचा नंबर चिठ्ठीच्या मागे, अडचण आली तर १०८.

मिनीबस ठरवत असाल तर चालकाला थांबायची वेळ लिहून द्या. एकदा एका मिनीबसवाल्याने आम्हाला रानात उतरवलं आणि दुसरं भाडं मारायला निघून गेला. तो अडीच तासांनी परतला. तोवर इंजिनियरसाहेबांनी आम्हाला बेसाल्ट पुन्हा पहिल्यापासून शिकवला.

मग फोन कधी करू?

सकाळी नऊनंतर, दुपारी एकपर्यंत. नाहीतर संध्याकाळी पाचला. दोन ते चार नको.